बारवेच्या रस्त्याची बारा पावलं

कवठाळीच्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्या हाताखाली होतं काय, तर एक बाई, एक घंटा, दोन खोल्या आणि पहिली ते चौथीची मिळून एकशे अकरा पोरं. पहिली आणि चौथी माझ्याकडे, दुसरी आणि तिसरी बाईंकडे. मिरजगावहून श्रीगोंद्याच्या अंगाला आठ मैल आत शिरलं की आमचं गाव लागायचं. मी याच मुलखातला, शेतकऱ्याच्या घरातला, गहिनीनाथ गुरुजी. कुणापुढे मान केव्हा खाली घालायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाईंना ते शिकवूनही आलं नाही. मी शिकवायचा प्रयत्न केला होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

बाईंचं नाव सरोजिनी शामकांत धर्माधिकारी. माहेर-सासर दोन्ही नगरचं. नवरा कोर्टात कारकून होता, तो लग्नानंतर सहा वर्षांत गेला. सासरच्यांनी देवघराशेजारची एक खोली दिली आणि तिथंच बसून राहा म्हणाले. बाई बसल्या नाहीत. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरींच्या बाकावर बसल्या आणि मास्तरीण होऊन बाहेर पडल्या. त्यांचा धाकटा भाऊ शरच्चंद्र नगरजवळ नागापूरच्या एका वर्कशॉपात चांगल्या पगारावर होता. तो दर दिवाळीला लिहायचा की ताई, आता पुरे झालं, इकडे ये. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. सध्या वजाबाकी चालू आहे, मधेच सोडता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त वजाबाकीच्या जागी गुणाकार. पत्र पेटीत टाकायला मीच जायचो आणि पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे हे मला माहीत.

त्यांची शिकवायची एक रीत होती आणि तिचा मला फार ताप व्हायचा. पुस्तकातलं काहीही त्या पोरांना आधी वाचून दाखवायच्या नाहीत. किलो शिकवायचा तर दुकानातून ताजवा आणायच्या आणि पोरांना दगड, दप्तर, एकमेकांच्या टोप्या तोलायला लावायच्या. दिशा शिकवायच्या तर सकाळी पोरांना उन्हात उभं करायच्या. माझ्या चौथीतली पोरं खिडकीतून तिकडेच बघत बसायची आणि माझा इतिहास वाऱ्यावर जायचा. त्यांच्या वर्गाचा एकच कायदा होता. मोजलं ते सांगायचं, ऐकलं ते नाही. पोरांनी तो इतका अंगी बाणवून घेतला होता, की एकदा मी सांगितलं आज सोमवार आहे, तर तिसरीतलं एक कार्टं भिंतीवरचं कॅलेंडर बघून आलं.

आता बहात्तर सालाबद्दल. त्या पावसाळ्यात ज्वारी गुडघ्याएवढी पण झाली नाही. दिवाळीपासून निम्मं गाव खडी फोडायला जात होतं. शाळेत खाऊ म्हणून सुकडी वाटायला लागले म्हणून आमची हजेरी मात्र कधी नव्हे ती भरली. त्र्याहत्तरच्या जानेवारीत गावचे दोन्ही आड आटले आणि पाण्याचा टँकर सुरू झाला.

टँकर कुठे रिकामा करायचा, हा खरा प्रश्न होता. गावाच्या वरच्या अंगाला एक जुनी बारव आहे. दगडी, पायऱ्यांची, सरकारी. म्हणजे सगळ्यांची. तिचं पाणीही आटलं होतं, पण टँकर तिच्यात ओतला की गावानं तिथून शेंदून न्यावं, असं आधी ठरलं. पहिल्या दिवशी ड्रायव्हर मारुतीच्या देवळावरून वर गेला आणि तसाच मागे मागे येत परत आला. पुढं वाट एवढीशी, दोन्हीकडे काटं, मोटार जात न्हाई, म्हणाला. त्यावर आमचे सरपंच श्रीमंतराव मोठ्या मनानं पुढे झाले. डांबरी सडकेला लागूनच त्यांची विहीर होती. त्यात ओता म्हणाले. गावासाठी एवढं करायला नको का?

लोकांनी त्यांचे आभार मानले. मीही मानले, चांगले हात जोडून. मग रोज टँकर श्रीमंतरावांच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बायका घागरी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. कुणी आधी भरायचं आणि कुणी थांबायचं, हे त्यांचा गडी ठरवायचा. गावकुसाबाहेरच्या बायकांनी तर घागर खाली ठेवून, कुणी वरून ओतेपर्यंत बसून राहायचं. एखादीचा नवरा ग्रामपंचायतीत उलटा बोलला असेल तर तिची पाळी येईपर्यंत तळ लागायचा. आणि विहिरीच्या पलीकडे श्रीमंतरावांची लिंबोणीची बाग होती. त्या साली आमच्या पट्ट्यात हिरवं म्हणून काही राहिलं नव्हतं. ती बाग तेवढी हिरवी होती. सगळ्यांना दिसत होतं. सगळे मूग गिळून गप्प होते, आणि त्यातला पहिला मूग माझा.

फेब्रुवारीत बाईंच्या तिसरीला भूगोलात गावाचा नकाशा आला. पुस्तकात एक नमुन्याचं गाव छापलेलं होतं, त्यात नदी होती, आमराई होती. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विहिरीच्या जुन्या नाड्याची वीस मीटर लांब दोरी केली. दर मीटरला एक चिंधी बांधली. मग प्रत्येक पोराला त्या दोरीच्या कडेनं दहा पावलं चालायला लावून कुणाचं पाऊल किती भरतं ते लिहून घेतलं. कुणाचं दर वेळी वेगळं भरायचं. एकाच पोरीचं कधी चुकलं नाही. दहा पावलं म्हणजे बरोबर पाच मीटर, कितीही वेळा चालवा. ती बनू. श्रीमंतरावांची धाकटी. पाच लेकरांतली पाचवी, सावळी, किडमिडी, नाकात चमकीएवढं सुंकलं. बाईंनी तिला सगळ्या रस्त्यांच्या मापाचं काम दिलं. बाकीच्यांनी घरं, देवळं, झाडं मोजायची आणि बनूनं रस्ते.

पंधरा दिवस ती सत्तावीस पोरं गावभर मोजत फिरत होती. म्हाताऱ्यांची करमणूक झाली. एके दिवशी बनूनं बारवेच्या रस्त्याचं माप आणलं. मारुतीपाशी रुंदी बारा पावलं, बारवेपाशी चार.

बाई म्हणाल्या चूक आहे. गाडीरस्ता मधेच असा आटत नाही, पुन्हा मोज. बनू पुन्हा गेली आणि तेच घेऊन आली. बाईंनी तिसऱ्यांदा पाठवलं, सोबत दोन पोरं दिली, वर तिला बोलल्याही की लक्ष दुसरीकडे असतं. तिसऱ्यांदाही बारा आणि चार. आता पोर रडकुंडीला आलेली. तेव्हा बाई स्वतः छत्री घेऊन उठल्या आणि सगळा वर्ग मागे घेऊन बारवेवर गेल्या.

तिथं रस्त्याच्या एका अंगाला श्रीमंतरावांच्या वावराची कुपाटी होती, बाभळीच्या काट्यांची, पुरुषभर उंच. बनूनं फटीतून आत बोट दाखवलं. कुपाटीच्या आत, वावरात, उघड्या खडकावर बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या होत्या, वीतभर खोल. शंभर वर्षं गाड्या गेल्याशिवाय खडक असा झिजत नाही. चाकोऱ्यांच्याही पलीकडे हद्दीचा जुना दगड उभा होता. तिथपासून रस्त्याच्या अलीकडच्या बांधापर्यंत बनूनं काट्यातून वाकून जाऊन मोजलं. बारा. कुंपणच शेत खातं म्हणतात; आमच्याकडे त्यानं रस्ता खाल्ला होता, वर्षाला एक-एक पाऊल करत, कुणाला कळू न देता. म्हणजे कळत होतं सगळ्यांना. मोजलं नव्हतं कुणी.

बाईंनी तिथंच, सगळ्या वर्गासमोर, बनूला सांगितलं की माप तिचं बरोबर होतं आणि चूक बाईंची झाली. मास्तरानं पोरापुढे असं बोलू नये असं मी त्यांना नंतर म्हणालो. त्या म्हणाल्या, का? मी उठून घंटा द्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेरूनं कवठाळीचा नकाशा उभा राहिला, दोन पुरुष लांब. चावडी, मारुती, ओढा, आड आणि बारवेचा रस्ता, बारा पावलांचा. त्यातली आठ पावलं कोळशाच्या रेघांनी भरलेली आणि बाजूला पोरांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘सध्या कुपाटीच्या आत.’ खडीवर जाणारं सगळं गाव त्या भिंतीवरून जायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांची पोरं वाचून दाखवायची.

श्रीमंतराव भडकणाऱ्यांतले नव्हते. ते शाळेत आले, नकाशाकडे पाहून हसले, पोरांची हुशारी वाखाणली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, गुरुजी, मार्चात साहेब लोक येतील, शाळा कशी स्वच्छ दिसली पाहिजे. पंचायतीच्या खर्चानं भिंतीला चुना मारून देतो. मी म्हणालो, फार उपकार होतील. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोललोय, की तोंड आपोआप उघडतं.

चुना बसला. बाईंनी वाळेपर्यंत वाट पाहिली आणि पोरांकडून पुन्हा नकाशा काढून घेतला. पांढऱ्यावर गेरू आणखी उठून दिसतो, म्हणाल्या. आठ दिवसांनी पुन्हा चुना बसला, पुन्हा नकाशा आला. तिसऱ्या वेळी मात्र सरपंचांनी डोकं चालवलं. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा भला मोठा लाल त्रिकोण रंगवून घेतला आणि खाली दोन किंवा तीन मुलं पुरेत असं लिहिलं. ते सरकारी काम, त्यावर हात लावणार कोण? ज्यांच्या घरात पाच लेकरं त्यांनी ही सूचना गावाला करावी, याचं मला हसू आलं. पण हसलो घरी जाऊन.

त्या दिवशी मी बाईंना नीट समजावलं. म्हटलं, बाई, नकाशा झाला, पोरांना आला, आता तालुका घ्या, जिल्हा घ्या. जिल्ह्यात सह्याद्री आहे, प्रवरा आहे, भंडारदऱ्याचं धरण आहे, त्यात श्रीमंतराव कुठं येत नाहीत. पाण्यात राहून माशाशी वैर नको. सभापतींकडे त्यांची ऊठबस आहे, तुमची बदली चुटकीसरशी होईल.

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गुरुजी, पाण्यात राहून म्हणता, पण पाणी आहे कुठे? ते मिळावं म्हणून तर चाललंय. तो टँकर बारवेपर्यंत गेला तर कुणाला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. पोरांना हे दिसलंय. आता मी त्यांना पान उलटा म्हटलं, तर त्यांनी मोजायला शिकून उपयोग काय?”

मग भिंत गेली तर गेली, म्हणून बाईंनी अंगण घेतलं. रोज शाळा भरली की तिसरीची पोरं राखेनं अंगणात नकाशा काढायची. मधल्या सुट्टीत पहिलीची पोरं त्यावर नाचून तो पुसून टाकायची. दुपारी पुन्हा पाटीवर काढायचा. पंधरा-वीस दिवसांत सत्तावीसच्या सत्तावीस पोरांना डोळे मिटून गाव काढता यायला लागलं.

मार्चच्या शेवटी मामलेदार आले. दुष्काळी कामं आणि टँकर बघायला. आता आमच्याकडे कुठलाही साहेब गावात आला की शाळेतच बसतो, मग तो गुरांचा डॉक्टर का असेना. कारण गावात टेबल-खुर्ची शाळेतच. मामलेदार माझ्या खुर्चीत बसले, तलाठी माझ्या पेटीवर, श्रीमंतराव त्यांच्या घरून आलेल्या लोखंडी खुर्चीत. चहा-बिस्किटंही त्यांच्याच घरून आली. बाईंची तिसरी समोर जमिनीवर, कारण दुसरी खोली माझ्या वर्गांनी भरलेली. मी दाराशी, हात पुढे बांधून.

साहेब दमलेला माणूस होता, धुळीनं भरलेला. त्याला दिवसात अकरा गावं बघायची होती. टँकर सार्वजनिक विहिरीत का ओतत नाही, एवढं त्यानं विचारलं. श्रीमंतराव म्हणाले, तिकडं नुसती पायवाट हाय साहेब, आज्या-पणज्यापासनं. म्हणून मी आपली विहीर मोकळी केली. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तलाठी आपल्या नखांकडे बघत होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या उठून बोलतील अशी मला भीती वाटत होती. त्या बोलल्या नाहीत.

कप खाली ठेवता ठेवता साहेबांनी, सगळे साहेब विचारतात तसं, पोरांना विचारलं की काय शिकताय सध्या. सत्तावीस पोरं एका सुरात ओरडली की गावाचा नकाशा. मी घाईनं म्हणालो, साहेब, पाढे फार छान म्हणतात. पण साहेबांना जरा गंमत वाटली असावी. त्यांनी विचारलं, मग बारवेकडे जायचा रस्ता कसा आहे, कोण सांगेल?

सगळे हात वर गेले. श्रीमंतरावांचं तेवढं चुकलं. घरातली पोर शाळेत दिवसभर काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी कौतुकानं बोट केलं आणि म्हणाले, “ही आमची धाकटी, साहेब. ही सांगंल.”

बनू उभी राहिली. झग्याचं टोक मुठीत धरलेलं. तिनं बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मुद्दाम मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, तिला वाटेल ते तिनं सांगायचं होतं, माझ्या तोंडाकडे बघून नाही. त्या क्षणी मला मात्र बाईंचा राग आला होता. आठ वर्षांच्या पोरीला बापासमोर असं एकटं उभं करायचं म्हणजे काय?

“बारवंचा रस्ता मारुतीपाशी बारा पावलं हाय,” बनू म्हणाली. “बारवंपाशी चार हाय. बाकीची आठ आमच्या कुपाटीच्या आत हायेत. खडकात गाडीची चाकुरीबी हाय तितं.”

तलाठ्यानं नखांवरून नजर वर केली. मग श्रीमंतराव हसले आणि म्हणाले, पोर हाय साहेब, कायबी बोलती.

साहेबांनी तिला विचारलं, “तुला हे कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई सांगितलं,” बनू म्हणाली. “मी मोजलं.”

साहेबांनी टोपी उचलली आणि तलाठ्याला गावनकाशा काढायला लावला. तलाठ्याच्या बासनात तो होताच, शंभरदा घडी पडलेला. अर्ध्या तासात ते सगळे बारवेवर जाऊन परत आले. चार दिवसांत कुपाटी मागे सरकवा, असं साहेब जाताना जीपमधूनच सांगून गेले. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. त्यांना पुढची आठ गावं गाठायची होती.

शाळा सुटली. पोरं घरी गेली आणि बनूही गेली, कारण तिला दुसरं घर नव्हतं. बाई खुर्चीत बसून राहिल्या. मग त्यांनी छत्री उचलली आणि श्रीमंतरावांच्या घराकडे चालू लागल्या. मी मागून गेलो. का गेलो सांगता येत नाही, बहुतेक एकटं राहायची भीती वाटली.

दिवस मावळत होता. विहिरीवर बायकांची रांग होती. बाई सरळ ओसरीवर चढल्या. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि मी अंगणात तशीच ती धरून उभा राहिलो. श्रीमंतराव आता हसत नव्हते.

“उद्यापासनं तिची शाळा बंद,” ते म्हणाले. “आन् तुमचीबी.”

“माझी बदली करा,” बाई म्हणाल्या. “विनंती अर्ज मीच लिहून देते, तुम्ही नुसता पुढे सरकवा. पण बनूचं नाव माझ्या हजेरीतून निघणार नाही.”

“पोरगी माझी हाय.”

“तुमचीच आहे. पण तिनं मोजलं ते बरोबर मोजलं, आणि बरोबर मोजल्याची शिक्षा मी कुणाला होऊ देणार नाही. ती शाळेत आली नाही तर मी रोज संध्याकाळी इथं येईन. या ओसरीवर बसून तिला शिकवीन, या सगळ्या बायकांसमोर. काय शिकवायचं ते तुम्हाला माहीत आहे.”

रांगेतल्या घागरींचा आवाज थांबला होता. उंबऱ्याच्या आत त्यांची बायको छबूबाई हातात पेटती चिमणी घेऊन उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या मागे बनू. बाईंनी दोघींकडे एकदा बघितलं आणि त्या ओसरी उतरल्या. घरी जाताना मी त्यांना म्हणालो, बाई, तुम्ही हकनाक स्वतःचं वाटोळं करून घेतलंत. त्या म्हणाल्या, छत्री द्या.

बदली झालीच. जूनमध्ये हुकूम आला, पार अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथं एसटीतून उतरून दोन तास चालावं लागतं. मी हळहळलो तर म्हणाल्या, तिथंही तिसरी असेलच की. असली तर असली, मला तेव्हा त्यांचं ते बोलणं आवडलं नव्हतं. पुढे पंधरा वर्षं त्यांनी तिकडेच नोकरी केली. कुपाटी चौथ्या नाही, सातव्या दिवशी मागे गेली आणि टँकर बारवेवर जायला लागला. पण माझ्या मनात राहिलाय तो त्या संध्याकाळनंतरचा दिवस.

सकाळची शाळा होती. बाईंनी हजेरी काढली आणि नावं घ्यायला लागल्या. बनूचं नाव आलं तेव्हा उत्तर आलं नाही. बाई थांबल्या. त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मी माझ्या वर्गातून बघत होतो. बाईंनी पेन उचललं, पण गैरहजेरीची खूण केली नाही. ते तसंच हातात धरून बसल्या.

तेवढ्यात फाटकातून छबूबाई आली. डोक्यावर भरलेली घागर, एका हातात बनूचं मनगट. सरपंचाची बायको शाळेच्या आवारात मी कधी पाहिली नव्हती; पोरीचं नाव घालायलासुद्धा आजा आला होता. बनूच्या गालावर बोटं उठलेली स्पष्ट दिसत होती. छबूबाईनं घागर पायरीवर उतरवली, पोरीला आत ढकललं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कपाळावरचा पदर तिनं मागे सारला होता.

“बाई,” ती म्हणाली, “सकाळी मी बारवंच्या वाटंनं गेल्ते. मीबी मोजलं. माझ्या पावलानं धा भरली. त्यातली सात आमच्या वावरात हायेत.” तिला धाप लागली होती. “त्यास्नी तसंच सांगून आले मी. पोर खोटं बोलली न्हाई.”

बाईंनी हजेरीत बनूच्या नावापुढे खूण केली. मग त्या उठल्या आणि त्यांनी वर्गाला विचारलं, बनूची बारा पावलं भरली आणि तिच्या आईची दहा, मग रस्ते दोन आहेत का एक?

पोरांनी जरा विचार केला. एकच, सगळी पोरं म्हणाली.

छबूबाई उंबऱ्याजवळ खाली बसली आणि तास संपेपर्यंत उठली नाही.